मदत हवी आहे: आईचं मेटफॉर्मिन आणि किडनीचा रिपोर्ट

आई ६८ वर्षांची, १४ वर्षं शुगर. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी १००० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ चालू आहे. परवाच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.५ आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाजे आकडा, कमी म्हणजे किडनी कमजोर) ३८ आलं. मी वाचलं की ईजीएफआर ३०च्या खाली गेलं तर ही गोळी चालत नाही, आणि ३० ते ४५मध्ये असेल तर डोस साधारण निम्मा करतात, कारण औषध किडनीवाटेच बाहेर पडतं. साचलं तर क्वचित रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं. मग २००० जास्तच झाले ना?

त्यात पुढच्या गुरुवारी पोटाचा सीटी स्कॅन आहे, शिरेतून डाय (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून देतात ते औषध) देऊन. त्या डायचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून गोळीची जास्तच काळजी वाटते. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. सेंटरवाल्यांनी फोनवर फक्त "उपाशी या" एवढंच सांगितलं, गोळ्यांचं विचारलंसुद्धा नाही! आई म्हणते, "इतकी वर्षं घेतेय, आत्ताच काय झालं?"

कोणाच्या घरी असं झालंय का? स्कॅनच्या दिवशी गोळी बंद ठेवून ४८ तासांनी पुन्हा क्रिएटिनिन तपासलं होतं का? मधल्या दिवसांत शुगर कशी सांभाळली? मनाने काही बदलणार नाही, पण सोमवारी नेमकं काय विचारू ते सांगा. सोमवारपर्यंत थांबू, की आजच दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवू?