जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर काम करणाऱ्या माणसांना पडण्यापासून कसे वाचवावे?

पत्रेवाला, धरणगाव
नमस्कार. शेडचे पत्रे बदलण्याची कामे मी ठेक्याने घेतो. माझ्याकडे सात माणसे आहेत. मृग लागण्याआधी जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचे, गळके छप्पर दुरुस्त करण्याची घाई असते. गेल्या वैशाखात अशाच एका कामावर आमच्यातला एक तरुण पारदर्शक पत्र्यावर पाय पडून थेट खाली आला. त्या पत्र्यावर हंगामभराची रुई आणि धूळ इतकी साचली होती की तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसत होता. कमरेला पट्टा होता, पण तो अडकवायला वर काहीच नव्हते. तो वाचला, मात्र खुबा मोडल्याने अजून कामावर येऊ शकत नाही. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे, आणि त्याच्या भरपाईचे काय, हे जाणकारांनी सांगावे.

सुरक्षा पर्यवेक्षक, भुसावळ
भाऊ, कमरेचा पट्टा आता वापरूच नका. आय.एस. ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे प्रमाणित, संपूर्ण शरीराला बसणारा हार्नेस घ्या. पण तेवढ्याने भागत नाही: १.८ मीटरचा दोर, झटका शोषणारी पट्टी उघडल्यावर वाढणारा सुमारे एक मीटर, माणसाची उंची आणि थोडे मोकळे अंतर धरले, तर दोर अडकवलेल्या जागेखाली साडेपाच मीटरच्या आसपास जागा लागते. शेड त्याहून बुटकी असेल तर हार्नेस घालूनही माणूस फरशीवर आपटतो. तिथे दोर आखूड ठेवावा किंवा कैच्यांच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांच्या, खाली जाळी बांधावी.

बोल्टच्या रांगेवरून चालले की पत्रा तुटत नाही, या समजावर मी अनेक जाणत्या कारागिरांना विसंबलेले पाहिले आहे. जुना सिमेंटचा पत्रा तिथेही अचानक फुटतो. त्यामुळे पर्लिनवर, म्हणजे पत्रे ज्यांवर बसवलेले असतात त्या आडव्या दांड्यांवर, टेकतील अशा लांब फळ्या टाकून, त्या वरून बांधूनच पुढे सरकावे. शक्य असेल ते काम खालून, पालख (उभे राहण्याचे मचाण) बांधून करावे. पत्रे कोरडे कापू नयेत, कारण जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. मे महिन्यातील आपल्याकडचे ऊन पाहता, दहानंतर कोणालाही वर ठेवू नये. भोवळ आली तर फळीही उपयोगाची नाही.

पारदर्शक पत्रे आतून, उजेड पाहून मोजावेत आणि वर चढण्याआधी त्यांच्या जागा कागदावर उतरवाव्यात.

कामगारमित्र, जळगाव
भरपाईची पहिली जबाबदारी ठेकेदार म्हणून तुमचीच आहे, हे स्पष्टपणे सांगतो. काही परिस्थितीत ती जिनिंगच्या मालकावरही येते. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून हजेरी, मजुरी आणि दवाखान्याचे कागद त्या मुलाच्या हाती द्या. बाकीच्यांपैकी १८ ते ६० वयाचे, वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेले असतील, त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्या.

पत्रेवाला, धरणगाव
आभारी आहे. जबाबदारी मला मान्य आहे. कागद उद्याच त्याच्या घरी पोहोचवतो. आज दुसऱ्या एका जिनिंगमध्ये आत उभे राहून मोजले, तर पारदर्शक पत्रे अकरा निघाले. वरून मला त्यातले चारच ओळखता आले होते.