डोळ्यातली गाठ आकसली तरी रक्तवाहिन्यांकडे लक्ष हवं

डोळ्यातल्या गाठीवर किरणोपचारासाठी डोळ्याला काही दिवस एक छोटी किरणोत्सारी चकती शिवतात, तिला प्लाक म्हणतात. "प्लाक काढून वर्ष झालं, गाठ आकसली, नजर शाबूत आहे, म्हणजे धोका टळला" हे एका प्रतिसादातलं म्हणणं गाठीपुरतं ठीक आहे, पण डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) रक्तवाहिन्यांना ते लागू होत नाही. किरणांचा मार वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना बसतो, पण परिणाम लगेच दिसत नाही. सहसा ६ महिने ते ३ वर्षांत, कधी त्याहूनही उशिरा, बारीक केशवाहिन्या बंद पडत जातात. उरलेल्या फुगतात, झिरपतात. चित्र मधुमेहातल्या रेटिनोपथीसारखंच (पडद्याच्या वाहिन्यांच्या आजारासारखंच) दिसतं, आणि मुळात मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

माझ्या आईचं सांगते. प्लाकनंतर २० महिन्यांनी ती तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचत होती, साध्या ओसीटीतही (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्येही) काही नव्हतं. ओसीटी अँजिओग्राफीत, म्हणजे त्याच स्कॅनच्या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या प्रकारात, मात्र पडद्याच्या मध्यबिंदूभोवतीची केशवाहिन्यांची जाळी विरलेली दिसली, कसर लागलेल्या कापडासारखी. मी ते चित्र बराच वेळ बघत बसले होते. चार महिन्यांनी मॅक्युलाला (पडद्याच्या मधल्या भागाला) सूज आलीच, पण डॉक्टर लक्ष ठेवून होते म्हणून डोळ्यातली, वाहिन्यांचं झिरपणं कमी करणारी अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शनं त्याच आठवड्यात सुरू झाली. बंद पडलेल्या वाहिन्या काही परत उघडल्या नाहीत, सूज मात्र उतरली आणि दाराची वाकडी दिसणारी चौकट तिला पुन्हा सरळ दिसू लागली. म्हणून पुढच्या खेपेला नुसतं गाठीचं माप घेऊन परतू नका, ओसीटी अँजिओग्राफी करता येईल का ते जरूर विचारा. त्या तपासणीसाठी शिरेतून डाय (रंगद्रव्य) टोचावा लागत नाही.