स्टेरॉइडमुळे मांड्यांची ताकद गेली, परत येते का?

नमस्कार. जाणकारांचं मत आणि अनुभव हवेत.

नवऱ्याला पॉलिमायोसायटिस आहे, म्हणजे दाह थेट स्नायूंचाच. पाच महिन्यांपूर्वी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ६० मिलिग्रॅमने सुरू झालं. दोन महिन्यांत चालायला-फिरायला लागले, हजारांत गेलेलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मलला आलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

आता डोस ४० वर आहे आणि पुन्हा तेच. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात टेकवून, पुढे झुकून, तीन झोके घेऊन. दुखत काहीच नाही. पकड तर घट्ट आहे, बरणीचं झाकण माझ्याआधी उघडतात. पण तीच बरणी वरच्या फळीवर ठेवायची म्हटली की हात खांद्यापाशीच थांबतो. मांड्या बारीक झाल्यात आणि चेहरा गोल गरगरीत. भेटायला येणारे म्हणतात, तब्येत सुधारली की! काय बोलणार.

डॉक्टरांना आजार उलटल्यापेक्षा स्टेरॉइड मायोपथीची, म्हणजे स्टेरॉइडमुळेच स्नायू कमजोर झाल्याची, शंका जास्त आहे, कारण सीपीके नॉर्मल आणि ईएमजीतही (स्नायूंतल्या विद्युत संदेशांची तपासणी) विशेष काही नाही. खात्रीसाठी मांडीचा एमआरआय सांगितलाय. आजार असेल तर डोस वाढवायचा, औषधाचा परिणाम असेल तर कमी करायचा. दोन्ही वाटा उलट्या दिशेच्या, म्हणून झोप उडालीय. त्यात हे म्हणतात, "गोळी बंदच करतो."

कुणाची ताकद परत आली का? किती दिवसांत? व्यायाम करावा की आराम?

प्रतिसाद:
ताई, गोळी मनाने बंद करू देऊ नका. इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. एकदम थांबवलं तर बीपी कोसळतं, जिवावर बेतू शकतं.

माझा आजार वेगळा, पण मांड्यांची हीच गत झाली होती. स्टेरॉइडने स्नायूतलं प्रथिन जास्त तुटतं आणि नवं कमी बनतं. फटका मुख्यतः टाइप २ तंतूंना, म्हणजे झटक्यात जोर लावणाऱ्यांना. ते रोडावतात पण सहसा मरत नाहीत, म्हणून सीपीके चढत नाही. डोस उतरला की बहुतेकांची ताकद परत येते, पण आठवडे नाही तर महिने धरून चाला. मला तिसऱ्या महिन्यात जिना जाणवेनासा झाला.

आरामाने मात्र स्नायू आणखी जातात. फिजिओने मला खुर्चीवर दोन उश्या ठेवून उठबस करायला लावली होती, दिवसातून थोडी थोडी. जमलं की एक उशी कमी. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पोटॅशियमही तपासून घ्या, ते कमी झालं तरी अशक्तपणा येतो.

धागाकर्ती:
खूप आभार. एमआरआयमध्ये सूज नाही. डोस ३५ केलाय, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन. उठबस करायला डॉक्टरांनी होकार दिलाय. सध्या तीन उश्या लागतात.