राज्य बदललं, गाडीचं काय केलंत?

पुण्याहून बंगळुरूला बदली झाली तेव्हा सामानाची यादी दोन पानं भरली होती. त्यात गाडीच्या कागदपत्रांची एक ओळही नव्हती. ती चूक मला दीड महिना आणि पुण्याच्या दोन फेऱ्या इतकी महागात पडली. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी अनुभव सविस्तर लिहावा, पुढच्या माणसाचा त्रास वाचेल. सुरुवात मी करतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यायचा. त्याआधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, ते फॉर्म २८ वर. माझं कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा तसाच होता आणि तो उतरेपर्यंत माझा अर्ज पुढे सरकेना. म्हणून आधी बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग एनओसी. अर्जावर चॅसिस नंबरचा ठसा लागतो. बॉनेट उघडून नंबराची जागा पुसायची, त्यावर पेन्सिल घासायची, सेलोटेप दाबून उचलायची आणि फॉर्मवर चिकटवायची. माझा शेवटचा आकडा तीनदा पुसट आला, कारण ओल्या फडक्याने पुसून लगेच पेन्सिल फिरवली होती. जागा पूर्ण वाळू द्या, पेन्सिल मऊ घ्या.

*

मी कराच्या परताव्याबद्दल लिहिते. गाडी घेताना भरलेला एकरकमी कर त्या राज्यापुरता असतो. नव्या राज्यात गाडीचं वय बघून पुन्हा भरावा लागतो आणि उरलेल्या वर्षांचा जुन्या राज्याकडे परत मागायचा. क्रमही ठरलेला: आधी खिशातून भरा, नवी आरसी हातात आली की तिची प्रत जोडून परताव्याचा अर्ज करा. दोन्हीकडची रक्कम काही महिने अडकून राहते, तेवढी तजवीज हवी.

आम्हाला चौदा महिने लागले. दोनदा 'फाइल सापडत नाही' असं उत्तर मिळालं. कराची मूळ पावती सासऱ्यांनी विम्याच्या पाकिटात जपून ठेवली होती, आणि आवक क्रमांक घातलेली अर्जाची पोच माझ्याकडे होती. या दोन कागदांमुळेच पैसे परत आले. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कितीही गर्दी असो.

*

लायसन्सची धास्ती घेऊ नका. ते देशभर चालतं, राज्य बदललं म्हणून पुन्हा चाचणी नाही. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर पत्ता बदलायचा अर्ज केला की झालं. अडचण आली ती वडिलांच्या जुन्या पुस्तकी लायसन्सची. त्याची संगणकावर नोंदच नव्हती, आणि ज्या कार्यालयाने ते दिलं तिथूनच बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकावर नोंद, करून घ्यावी लागली. घरात असं लायसन्स असेल तर गाव सोडण्याआधी सारथीवर नंबर टाकून बघा.

*

यजमान सैन्यात, नऊ वर्षांत चार राज्यं झाली. दर वेळी हे करणं अशक्य, म्हणून पुढची गाडी बीएच (भारत) या देशभर चालणाऱ्या नंबरांच्या मालिकेत घेतली. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून आहे. बदली झाली तरी नंबर तोच राहतो, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. पेट्रोल गाडीला किमतीनुसार ८, १० किंवा १२ टक्के, डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. खासगी नोकरीतल्यांनाही मिळते, पण कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत हवीत आणि कंपनीने फॉर्म ६०, म्हणजे नोकरीचा दाखला, द्यायला हवा. ज्यांची बदली ठरलेलीच असते त्यांनी गाडी घेतानाच हा विचार करावा, असं मी मनापासून सांगेन.

*

नवा नंबर मिळाल्यावर विमा आणि फास्टॅग, दोन्हीकडे तो लगेच बदलून घ्या. आमच्याकडून फास्टॅग राहिला आणि टोलवर अडकलो.

*

सगळ्यांचे आभार, पोचीची गोष्ट आजच वहीत लिहून ठेवली. एक विचारायचं आहे. आईच्या नावावरची स्कूटर नागपूरहून इकडे आणायची आहे. सह्या तिच्याच लागणार, आणि गुडघ्यांमुळे तिला कार्यालयात रांगेत उभं राहणं जमणार नाही. असं कुणी केलंय का?