शिवराक (गोव्याकडचं शाकाहारी जेवण) रांधायला कसे शिकलात? तुमचे पहिले पराक्रम लिहा

आबोली_डिचोली
आज तिरफळांचा डबा उघडला, वास नाकात गेला आणि मी थेट १९९१ च्या श्रावणात.

आईला कावीळ झालेली. अंथरुणावरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी नववीत. श्रावण म्हणजे महिनाभर घरात नुस्तं (मासे) बंद. जेवणारे बाबा आणि दोघे भाऊ. तीन दिवस शेजारून डबे आले, चौथ्या दिवशी आई म्हणाली, पुरे झालं लोकांचं, आता तूच कर. मी म्हटलं मला येत नाही. "मी सांगता मगो," म्हणाली.

ती मधल्या खोलीत आणि मी रांदचे कुडीत (स्वयंपाकघरात), मध्ये एक पडदा. तिला दिसत काही नव्हतं पण ऐकू सगळं यायचं. "मोहरी अजून तडतडली नाही, हिंग घालू नको." "पाणी जास्त झालं, आवाज बदलला बघ." एकदा वांगी खाली लागली, मी गुपचूप खरवडायला घेतली तर पडद्यामागून, "खरवडू नको, भांडं बदल." मीठ किती विचारलं की "घालतात तितकं". दुसरं माप तिच्याकडे नव्हतंच.

दुसऱ्या सोमवारी खतखतं करायचं ठरलं. भाज्या चिरल्या, सुरणाने हात खाजले, तूरडाळ शिजली, सगळं तिच्या सांगण्याबरहुकूम. तिरफळं तेवढी कशी घ्यायची ते तिने सांगितलं नाही. तिला वाटलं हे कोणाला सांगावं लागतं? मी डझनभर तिरफळं काळ्या बियांसकट खोबऱ्याबरोबर रगड्यावर अगदी बारीक वाटली!! बाबा मान खाली घालून जेवले, म्हणाले "आज तिरफळ बरं लागलं". धाकटा उठून परसात थुंकून आला. आईला तेव्हा फक्त पेज. तिने चव घेतली नाही, नुसता वास घेतला. "काडूंक नात गे बियो?"

तुमचं लिहा. फजिती आधी.

फोंड्याचो_बाबलो
बियांसकट? वाटून? बाबांना साष्टांग दंडवत.

घाटावरची_सून
मी साताऱ्याची, लग्न होऊन कुडचड्याला आले २००८ मध्ये. माहेरी सगळं येत होतं हो, चांगला दहा माणसांचा स्वयंपाक करायची. इथे आल्यावर बालवाडीत बसल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी उकडे तांदूळ कुकरला लावले, आमच्याकडच्यासारखं दुप्पट पाणी आणि तीन शिट्ट्या. वाढलं तर दाताखाली कचकच. मामंजी म्हणाले, पोरी, हे परत चुलीवर जाऊ दे. मग मांयनी (सासूबाईंनी) मोठ्या पातेल्यात रटरट शिजवून, पेज निथळून दाखवलं. ती पेज फेकायची नसते हे पण त्या दिवशीच कळलं, कारण मी फेकली होती.

दुसरं म्हणजे शेंगदाण्याचं कूट. मी प्रत्येक भाजीत घालायची. मांय काही बोलल्या नाहीत. आठवड्याने बघते तर कुटाचा डबा माळ्यावर आणि त्याच्या जागी आदोळी (नारळ खोवायची विळी).

सुरंगी
कुटाचा डबा माळ्यावर 😂😂 मांय राजकारणात हव्या होत्या

नीज_डिचोलकार
आबोलीबाय, खतखत्याला फोडणी देता की नाही? आमच्याकडे देत नाहीत. बायकोच्या माहेरी देतात. २२ वर्षं वाद चालू आहे.

आबोली_डिचोली
नाही देत. खोबऱ्याचं वाटप, कोकम, गुळाचा खडा, शेवटी तिरफळ नुसतं ठेचून. झाकण ठेवायचं आणि तिथून निघून जायचं.

पर्वरीची_मीनल
मी ऑफिस करून शिकले म्हणजे यूट्यूबवर शिकले, हसू नका. आई शिक्षिका, घरात स्वयंपाकाला बाई होत्या, मला चहासुद्धा येत नव्हता. भाड्याने वेगळी राहायला लागले आणि महिनाभर भाजीपाव. सकाळी पातळभाजी, रात्री सुकी. मग पोट बिघडलं आणि ठरवलं रोज एक पदार्थ. वरण, मग भात, मग तांबडी भाजी (लाल माठ). तांबडी भाजी सोपी म्हणतात ना? निवडायला बसले साडेसातला, नऊ वाजले तरी निवडतेच. पाच पाण्यांत धुतली तरी माती. शेवटी कांदा मिरची परतून त्यात घातली तर एवढा ढीग इवलासा झाला, वाटीभर. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. आईला फोन केला, ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ही भाजी आपली आपणच आळते हे कोणी सांगत का नाही?

सुरंगी
मीठ आधी घातलंस का? आळल्यावर घालायचं नाहीतर खारट

पर्वरीची_मीनल
आधी घातलं 😑 तेही सांगत नाही कोणी

काणकोणचो_भाटकार
नारळ एवढा महाग झालाय आणि तुम्ही वाटपाच्या गोष्टी करता. आमच्या भाटात (बागायतीत) जे होतात ते माकडं पाडतात. कोवळे असतानाच. एक घोट पितात आणि टाकतात. मी रोज सकाळी माडाखाली उभा राहून मोजतो काल किती गेले.

फोंड्याचो_बाबलो
माकडांचं वेगळं काढा हो. तो दोनशे उत्तरांचा विषय आहे.

बोटीवरचो_शेफ_न्हय
शेफ नाही, इंजिनमध्ये आहे, नाव गमतीने ठेवलंय. माझी कथा उलटी. नुस्त्याशिवाय एक घास न गिळणारा माणूस. वडील गेले २०१६ ला, वर्षभर खायचं नाही असं घरी ठरलं, मी पण धरलं. पण बोटीवर शिवराक म्हणजे उकडलेले बटाटे, कोबी आणि सहानुभूती. मेसमनला मस्का लावून आठवड्यातून दोनदा स्टोव्ह मागून घेतला. आईने बॅगेत आमसोलं, अळसांदे आणि खोबरं सुकवून दिलेलं. तिरफळं पण दिली, आणि माझ्या सगळ्या शर्टांना वर्षभर तो वास.

अळसांद्यांचं तोंडाक (रस्सा) पहिल्यांदा केलं तेव्हा भिजवायचे विसरलो. तीन तास शिजवले. इंजिन रूमची शिफ्ट संपली तरी ते कडकच. फिलिपिनो मेसमन म्हणाला, हे बहुतेक बॉल बेअरिंग आहेत. दुसऱ्यांदा मात्र जमलं. तो आता सुट्टीवरून येताना विचारतो, तुझ्याकडे ती काळी आंबट सालं आहेत का?

सुरंगी
सहानुभूती 😂😂😂 वडिलांबद्दल वाईट वाटलं. आमसोलांचा प्रसार मात्र चांगला चाललाय

घाटावरची_सून
अळसांदे म्हणजे चवळी ना? का वेगळे?

नीज_डिचोलकार
चवळीचेच भाऊबंद पण दाणा मोठा. इथले गावठी घ्या, म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात मिळतात. पिशवीतली चवळी घालून तोंडाक केलंत तर मांय बोलणार नाहीत, पण डबा माळ्यावर जाईल.

माशेलची_लेक
माझा पराक्रम नागपंचमीचा. सासरी पहिली नागपंचमी, पातोळ्या माझ्याकडे. नवऱ्याला सांगितलं परसातून हळदीची पानं आण. त्याने आणली भरपूर. मी तांदूळ वाटलेले, पानावर पीठ सारवलं, चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) घातलं, दुमडलं, मोदकपात्रात ठेवलं. सगळ्या बायका बघतायत. दहा मिनिटांनी वाफ आली पण वास काही येईना. हळदीच्या पानाचा तो वास घरभर सुटायला हवा ना. नणंद आत येऊन झाकण उघडते, पान उचलते, "वहिनी, ही कर्दळ!"

विषारी नाही म्हणे. पण कोणी खाल्ल्या नाहीत. नवरा एकटाच बसून चार खाऊन उठला. चूक त्याची होती ना.

आबोली_डिचोली
चार! तेवढ्यासाठी माफ केलंस की नाही

माशेलची_लेक
सतरा वर्षं झाली, प्रत्येक नागपंचमीला आठवण करून देते. माफ वगैरे नंतर बघू

फोंड्याचो_बाबलो
मला सगळ्यात जास्त आजीने शिकवलं, ती पण न शिकवता. पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की ती मला घेऊन रस्त्याकडेला तायकिळो (टाकळा) खुडायला जायची. कोवळी पानंच घ्यायची, फूल धरलेलं नाही. घरी आलं की मे महिन्यात मातीत पुरून ठेवलेल्या फणसाच्या बिया काढायच्या, ठेचायच्या, मुगाच्या डाळीबरोबर शिजवायच्या आणि वर पाला. भरपूर खोबरं. मी फक्त फांद्या धरायचो. ती गेल्यावर एका जूनमध्ये सहज उठून गेलो, खुडला, केली. बियांची सालं किती काढायची आठवेना. लाल पातळ साल ठेवायची की नाही? आईला पण नक्की माहीत नव्हतं. ठेवली. बरी झाली.

आता त्या रस्त्याकडेला डांबर आणि गटार आहे. दोन वर्षं बाजारातून आणतो, जुडी घेतली की अर्धी निबर.

काणकोणचो_भाटकार
लाल साल ठेवायची. वरची पांढरी काढायची.

फोंड्याचो_बाबलो
देव बरें करूं. इतकी वर्षं कोणाला विचारायचं सुचलं नाही.

दोहाची_गोंयकान्न
घाईत लिहिते, मुलाला शाळेतून आणायचंय. इथे भेंडी मिळते पण आपल्या सात शिरांच्या भेंडीची सर नाही, बुळबुळीत होते. कोणी म्हणेल कोकम घाल. घातलं. तरी होते. कोकम आधी घालायचं का नंतर?

सुरंगी
चिरायच्या आधी पुसून कोरडी कर, परतायला लागल्यावर झाकण नको. कोकम सुरुवातीलाच एक तुकडा

पर्वरीची_मीनल
परत तेच. हे कोणी सांगत का नाही

नीज_डिचोलकार
जून जुलैत ट्रॉलर बंद, १ जून ते ३१ जुलै, मग श्रावण, मग चवथ (गणेशचतुर्थी). हिशेब काढा, वर्षातला पाव भाग गोंयकाराला शिवराक रांधावंच लागतं. आणि तरी बाहेर आपली ओळख नुस्तें-शीत (मासे-भात). आमच्या गावात तर चवथीच्या दुसऱ्या दिवशी कधी गौरीचा नैवेद्य कधी

नीज_डिचोलकार
अर्धंच गेलं. बायकोने हाक मारली, नीरफणस कापायला. शेजारच्या मारियाआंटीने कुंपणावरून दिलाय. चीक हाताला लागला की जात नाही, तेल लावून घ्या आधी. कापं रव्यात घोळवून तव्यावर. चला.

घाटावरची_सून
नीरफणस पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, हा मासा कोणता. खरंच. रवा लावलेला, तिखट, ताटात सोलकढी. मांय इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी कुटाचा डबा खाली आला.

बोटीवरचो_शेफ_न्हय
हे सगळ्यात भारी

माशेलची_लेक
मूगागाठी कोणी केल्यात का? सालं काढायची युक्ती सांगा. मोड आलेले मूग एकेक सोलत बसले होते मागच्या चवथीला, रात्री साडेअकरा वाजले

सुरंगी
एकेक?? अगो, मोड आल्यावर कोमट पाण्यात घाल, हलक्या हाताने चोळ, सालं वर तरंगतात, ती ओतून टाक. परत पाणी घाल, परत चोळ. राहिली दहा-वीस तर राहू देत

माशेलची_लेक
एकेक. दोन वाट्या मूग. नवरा पण बसला होता सोबत, कर्दळीचं ऋण फेडत

आबोली_डिचोली
सगळं आईला वाचून दाखवलं. ती आता ऐंशीची आहे, अजून मधल्या खोलीतच, पडदा मात्र गेला. फोडणीच्या वादावर म्हणाली, खतखत्याला फोडणी देणारे चहाला पण देतात का विचार. डिचोलकारांनी हे सासुरवाडीला कळवू नये.

आणि ती म्हणते वांगी मी तीनदा करपवलेली, एकदा नव्हे. दोनदा तिने आवाज ऐकून पण काही म्हटलं नाही.

नीज_डिचोलकार
कळवलं. आज जेवण मिळेल की नाही माहीत नाही.

पर्वरीची_मीनल
सुरंगीताई ते मूग वाचून मी आत्ता भिजत घातले. उद्या दुपारी मूगागाठी जमतील ना?

सुरंगी
उद्या नाही, परवा. उद्या सकाळी पाणी काढून फडक्यात बांध, मग मोड येतील. आत्ता किती घातलेस?

पर्वरीची_मीनल
अख्खं पाकीट. अर्धा किलो

सुरंगी
एकटीच राहतेस ना गं तू?