फोनवरून सलाईन लागते का?

धारणीकर: सरकारच्या व्हिडिओवर डॉक्टर जोडून देणाऱ्या सोयीबद्दल काल इथं एकानं लिहिलं, "ई-संजीवनी आली, आता गावात डॉक्टर नसला तरी अडत नाही." रात्रभर झोप नाही मला. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन निंदताना माझ्या चुलतभावाला घोणस चावली. आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस होती, डॉक्टर नव्हता. नर्सबाईनं व्हिडिओवर डॉक्टर जोडून दिला. त्यानं काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं थांबायला सांगितलं. रक्त गोठलं नाही, म्हणजे विष भिनलं होतं. मग म्हणाला, परतवाड्याला हलवा. लस रिअॅक्शन देऊ शकते, एकटी नर्स कशी लावणार? घाट उतरेस्तोवर लघवी बंद. वाचला, पण महिनाभर डायलिसिस.

उपकेंद्रवाली: दादा, वाईट झालं. पण मी सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची आरोग्य अधिकारी आहे, मलाही बोलू द्या. तातडीच्या रुग्णाला प्रथमोपचार द्या आणि पुढं पाठवा, एवढंच व्हिडिओवरून तपासण्याच्या २०२० च्या नियमांत आहे. ही सोय सापासाठी नाहीच. माझ्याकडं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एक पोरगी आहे. त्यावरच्या हायड्रॉक्सीयुरिया गोळीचा डोस विचारायला बाप तिला नागपूरला न्यायचा, मजुरी बुडायची. आता रक्ताचा रिपोर्ट मी दाखवते, गोळ्या इथंच मिळतात. हेही बंद करायचं का?

यवतमाळवाला: ताई, गोळ्यांचं ठीक हाय. पण २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्यायले विषावरचं अॅट्रोपिन टोचाले माणूसच लागते, स्क्रीन नाई. खरा मुद्दा येकच. डॉक्टर मुक्कामी काऊन राहत नाईत? पाच वाजले का गाडी शहराकडं!

बाँडवाला: मी राहिलोय मुक्कामी, बाँडच्या सक्तीच्या सरकारी नोकरीत, वर्षभर. क्वार्टरचं छत गळत होतं, नळाला पाणी नव्हतं, पगार तीन-तीन महिने थकायचा. एका रात्री मेलेलं बाळ घेऊन आले आणि माझ्याच अंगावर धावले. सोबत शिपाईसुद्धा नव्हता. तुमच्या पोरीला पाठवाल का तिथं मेडिकल ऑफिसर म्हणून?

यवतमाळवाला: डॉक्टर, आमच्या पोरी तिथंच राह्यतात, बाळंतीणही तिथंच होतात! तुमी वर्षभरात कावले, आमी जन्मभर छत गळत्या घरात हाओ.

बाँडवाला: मग छतासाठी भांडा ना! ग्रामसभेत क्वार्टरचा विषय कोणी काढला कधी?

यवतमाळवाला: दोनदा काढला. ठराव झाला, पत्रे नाई आले. पण अंगावर धावाले नोको होतं, हे मानतो.

धारणीकर: तुम्ही क्वार्टरवर भांडा, माझा प्रश्न तिथंच पडलाय. डॉक्टर रात्री केंद्रात पाहिजे, लस लावायला. व्हिडिओ दाखवून ती जागा रिकामी ठेवू नका, एवढंच मी म्हणतोय.

उपकेंद्रवाली: ते मी कुठं नाकारलं? भरती व्हावी म्हणून आम्हीच वर लिहितो. पण जागा भरेस्तोवर शुगर-बीपीवाल्यांनी धारणीहून अमरावती गाठायची का, दीडशे किलोमीटर?

धारणीकर: बरं. आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी बसवीन तिला तुमच्या व्हिडिओसमोर. सापाचं मात्र एक अक्षर मागं घेत नाही.

उपकेंद्रवाली: घेऊ नका. आईला सकाळी दहाच्या आत आणा, दुपारी रेंज जाते. जुनी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या सोबत असू द्या.