अनुभव धागा: वावरात, स्टँडवर, प्रवासात बायांनी जायचं कुठं?

परसदार:
परवा दर्यापूरहून येताना रस्त्याच्या कडेला एक काळीपिवळी थांबलेली दिसली. तूर सोंगून झालेली, दूरवर सगळं सपाट. दोन बाया लुगडं ताणून उभ्या, त्याआड तिसरी. पुरुष मंडळी गाडीच्या पलीकडं उभ्यानं मोकळी होत होती. त्यांना ना लुगडं लागतं ना आडोसा.

एकदम आजी आठवली. लग्नाला मेटॅडोरनं निघायचं असलं की आदल्या रात्रीपासून तिचं फर्मान सुटायचं. चहा नाही, पाणी घोटभर, टरबूज तर अजिबात नाही. मे महिना, अकोल्याकडचं ऊन, पारा ४५ च्या आसपास, आणि आम्ही पोट्ट्या ओठ चाटत बसलेल्या. वऱ्हाडातले पुरुष मात्र प्रत्येक फाट्यावर उतरून उसाचा रस प्यायचे. लग्नघरी पोचलो की नवरी पाहायच्या आधी आम्ही सगळ्या जणी गोठ्यामागं. मोठी होईपर्यंत मला ती शिस्तच वाटायची.

तुमच्याकडं कसं होतं, आता कसं आहे? लिहा बिनधास्त, इथं कोणी कोणाला ओळखत नाही.

फाट्यावरचा:
ताई, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. गाड्या बायांनी भरून जातात, माहेर, बाजार, दवाखाना सगळं सुरू. चांगलंच झालं. पण स्टँडवर बायांची मुतारी किती वाढली? आमचं काय, भिंत दिसली की झालं (हसू नका, खरं आहे).

ठेचाभाकर:
भिंतीचं काढलं म्हणून. आमच्या गल्लीत भिंतीवर आधी लिहिलं होतं "येथे गाढव लघवी करते". उपयोग शून्य. मग देवांच्या टाइल्स लावल्या. आता लोक टाइल्स संपतात तिथून दोन फूट पुढं सरकून करतात. भक्तिभाव हाय ना राजेहो!

वऱ्हाडी बुवा:
😂😂 पाया पडून करत असतीन

नीलिमा_वर्धा:
स्टँडचा किस्सा माझ्याकडून. तालुक्याचं नाव सांगत नाही. दारात टेबल टाकून एक भाऊ बसलेला, बायांकडून पाच रुपये घेतो, पुरुषांची मुतारी फुकट. मी म्हटलं लघवीला पैसे नाहीत, पाटीवर लिहिलंय की. म्हणे कुठं पाटी? त्या पाटीवर त्यानं स्वतःचा शर्ट वाळत घातला होता! मी शर्ट बाजूला केला, पाटी वाचून दाखवली, तर म्हणतो "ताई, आतून कोण काय करून आलं हे मले कसं कळन?" मागच्या आजीबाई म्हणाल्या, "त्याले दे व पाच रुपये, माही गाडी सुटून राह्यली."
आतलं वर्णन करत नाही, जेवायची वेळ आहे.

पऱ्हाटी:
आम्ही कापूस वेचणीला जातो. सकाळी जेवण करून निघालो का संध्याकाळीच घरी. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उंच असते तोवर काही वाटत नाही, कुठंबी बसा. सोयाबीन निघालं का वावर उघडं पडते. मग तुरीच्या ओळी असतात तोच आडोसा, आणि तूरबी सोंगली की संपलं. आमच्या टोळीनं एका मालकाले सांगितलं का धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) दोन ओळी शेवटी सोंगा, नाहीतर उद्यापासून दुसऱ्याच्या वावरात जातो. तो हसला आधी. मग त्याच्या बायकोनं त्याले घरी समजावलं. ठेवल्या ओळी. आता आजूबाजूचेबी ठेवतात.
टाइप करून बोट दुखले, बाकी नंतर.

काळी कसदार:
@पऱ्हाटी तूर कोणती व्हती? आमच्याकडं यंदा मर रोग लय आला

पऱ्हाटी:
मालकाची पीकेव्ही तारा. मर त्याच्याकडंबी होती थोडी

परसदार:
अहो दादा, शेतीचा धागा वेगळा आहे 😄
पऱ्हाटी ताई, धुऱ्याच्या ओळींचं वाचून फार बरं वाटलं. हे कोणत्या योजनेत बसत नाही.

सिस्टरबाई:
प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, ड्युटीवरून लिहितेय. एप्रिल-मे मध्ये बाया येतात, "उन्हाळी लागली" म्हणतात. जळजळ, थेंबथेंब, कमरेत कळ, कधी ताप. विचारलं पाणी किती पिता, तर उत्तर ठरलेलं: वावरात जायला जागा नाही म्हणून पीतच नाही. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा घरी चालूच असतो आणि त्याला माझी ना नाही, पण ताप आला, कंबर धरली की दवाखान्यात या. लघवी दाबून धरली आणि पाणी तोडलं की जंतूंना मोकळं रान मिळतं. मुतखड्याचंही तेच, कमी पाण्यानं लघवी घट्ट होते. गरोदर बायांनी तर अजिबात अंगावर काढू नका. हे सासूबाईंना वाचून दाखवा.
पेशंट आला, येते.

बंडूनाना:
गुड मॉर्निंग पथक विसरले का सगळे? उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला पहाटे शिट्ट्या वाजवत यायचे. आमच्या गावात गोदरीवर धाड पडली, सगळे टमरेल टाकून पळाले, फक्त एक आप्पा बसून राहिले. साहेब म्हणाले उठा. आप्पा म्हणाले, "साहेब, तुमी तिकडं तोंड करा, मंग उठतो." साहेबांनी फिरवलं तोंड, आप्पा गेले ना पांदणीनं निघून!
पंचनाम्यात नऊ टमरेलं जमा. ती पुढं महिनाभर ग्रामपंचायतीत पडून होती, न्यायला कोणी येईना.

दोन खड्डे:
बंडूनाना 🤣
थोडं तांत्रिक लिहितो, गवंडीकाम केलंय. स्वच्छ भारत २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं, संडासाला दर घरटी १२,००० रुपये मिळायचे. त्यात दोन शोषखड्डे, मधे चेंबर. एक भरला की पाणी दुसऱ्याकडं वळवायचं, पहिला बंद ठेवायचा, दीडदोन वर्षांत आत कोरडं सोनखत. वास नाही, किडे नाहीत. पण मालक म्हणतो एवढासा खड्डा चार महिन्यांत भरन, मोठी टाकीच बांध. मग पैसे टाकीत संपतात, दार नाही, छप्पर नाही, आणि मग त्यात कुटार (जनावरांचा भुसा) भरतात.
दुसरं, आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, पाणी जिरवत नाही, खड्डा तुंबतो. भोवती रेतीचा थर घ्यावा लागतो आणि जोतं उंच करावं लागतं. तो खर्च १२,००० मध्ये कोण धरणार?

खारपाण:
आणि पाणी? आमच्या पूर्णेच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारट, नळ कधी आठवड्यानं कधी दहा दिवसानं. डब्यात एक लिटरमध्ये काम होत होतं, संडासात बादली ओतावी लागते. पाणी दोन किलोमीटरवरून बाई आणणार, ओतणार सगळं घर. लोक वापरत नाहीत म्हणून ओरडणं सोपं आहे.

मास्तर:
खारपाण साहेब, अर्धं मान्य. ज्यांच्या दारात बोअर आहे, मोटर आहे तेही सकाळी पांदणीनंच जातात, "मोकळी हवा" म्हणे. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, हातात झाडू घेऊन आयुष्य गेलं त्यांचं. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० सालापासून. बक्षीस घेतलेल्या गावाच्या कमानीखालूनच लोक डबा घेऊन जाताना मी पाहिलेत. तेव्हा सगळं पाण्यावर ढकलू नका.

खारपाण:
मास्तर, दोन दिवस या आमच्याकडं राहायला. बादली तुमची.

मास्तर:
येतो. भरीत करा 🙂

मोहफूल:
चंद्रपूर जिल्हा, सिंदेवाहीकडं. आमच्याकडं पथक पाठवायची गरज नाही पडली, वाघानं काम केलं. अंधारात वाकून बसलेला माणूस त्याले चार पायाचं जनावर वाटते, असं वनविभागवाले सांगतात. मोहफुलं वेचतानाबी तेच होते. आता आमच्या टोल्यावर संध्याकाळनंतर कोणी बाहेर बसत नाही. म्हातारे सगळ्यात आधी शिकले.

ठेचाभाकर:
बाप्पा! वाचूनच लागली

नाव नको:
झेडपी शाळेत होते तेव्हा मुलींचा संडास होता पण कुलूप. चावी सरांच्या टेबलावर. चावी मागायची म्हणजे अख्ख्या वर्गाला कळणार. त्या चार दिवसांत आम्ही घरीच राहायचो, हजेरीत "पोटात दुखते". सरांना कधी वाटलं नाही की सगळ्या मुलींच्या पोटात महिन्याच्या महिन्याला काऊन दुखते.

परसदार:
@नाव नको 🙏 माझ्या बहिणीचं अगदी हेच.

नीलिमा_वर्धा:
२०१५ ची वाशिम जिल्ह्यातली बातमी आठवते? एका बाईनं मंगळसूत्र विकून संडास बांधला होता. सगळीकडं कौतुक. मला तेव्हाही कौतुकापेक्षा राग जास्त आला होता, नवऱ्याची फटफटी का नाही विकली?

फाट्यावरचा:
फटफटीवर कर्ज असते ना ताई

नीलिमा_वर्धा:
बरोबर, कर्ज फेडायला मंगळसूत्र हायच

शेगावकर:
चांगलं पण लिहा कोणी. शेगावच्या संस्थानात एवढी गर्दी, पण संडास-न्हाणीघर लख्ख. सेवाधारी हातानं घासतात, कोणी नाक मुरडत नाही. म्हणजे होऊ शकते. माझी आई कुठंही प्रवासाला नाही म्हणते, शेगावला एका पायावर तयार.

वऱ्हाडी बुवा:
आई दर्शनासाठी येते का कचोरीसाठी 😜

शेगावकर:
कचोरी मला, दर्शन तिला. स्टेशनवर गरम मिळाली पाहिजे फक्त

सिस्टरबाई:
परत आले. एक कामाचं सांगते, पेट्रोलपंपावर संडास, पिण्याचं पाणी, हवा हे फुकट द्यावंच लागतं, गाडीत तेल टाकलं नाही तरी. "चावी हरवली" म्हणाले तर तक्रारवही मागा. वही मागितली की चावी सापडते.

गोदावरी_धामणगाव:
मोठ्या रस्त्यावर पंप आहेत हो. गावाच्या रस्त्यावर काय? मला पुढच्या आठवड्यात आईला घेऊन अमरावतीहून धारणीला जायचंय, तिला शुगर आहे, तासाला उतरावं लागते. घाटात कुठं थांबता येईल? गाडीनं जाऊ की भाड्याची करू?

मेळघाटी:
काकू, भाड्याची करा, ड्रायव्हरले आधीच सांगून ठेवा. परतवाड्यात सोय करून घ्या, मग घाट लागतो. सेमाडोहला पर्यटन संकुल हाय, आमाले विनंती केल्यावर जाऊ दिलं होतं. पुढं हरिसालला हॉटेलं हाय. मधी जंगलात उतरू नका, अस्वल हाय.

गोदावरी_धामणगाव:
अस्वलाचं आईला सांगत नाही. धन्यवाद दादा. भाडं किती घेतील साधारण?

मेळघाटी:
ओळखीचा पोरगा हाय परतवाड्याचा, नंबर व्यनित (खासगी निरोपात) टाकतो. मागची सीट आईले झोपायले ठेवा.